फरशीला दोष द्यायचा नाही

मित्रांनो, ज्यावर आपण उभे असतो त्याच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. माझ्याकडे तर लोक पाहतात ते घसरून पडल्यावरच. मी लिनोलियमची एक जुनी फरशी आहे. दगडी फरशीसारखी मी एका जागी बसून राहत नाही. मला गुंडाळता येते, खांद्यावर टाकून कुठेही नेता येते. माझा रंग राखाडी आहे, एक कोपरा जळलेला आहे, आणि मधोमध असंख्य वर्तुळे उमटलेली आहेत. ती वर्तुळे माणसांच्या डोक्यांनी, खांद्यांनी आणि तळहातांनी काढलेली आहेत.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. जवसाचे तेल, राळ, लाकडाचा भुसा आणि बुचाची पूड एकत्र मळून मला तागाच्या कापडावर लाटण्यात आले. मग जहाजाने मी कासाब्लांकाच्या बंदरात उतरले आणि तिथल्या एका प्रसूतिगृहाच्या लांबट व्हरांड्यात अंथरली गेले. तिथे बायका एका हाताने भिंत धरून सावकाश येरझारा घालत. माणसाचे वजन म्हणजे काय, ते मी तिथे शिकले. भीती वाढली की पाऊल जड पडते आणि आनंद झाला की टाच उचलली जाते, हे मला चेहरे न पाहता कळू लागले.

पुढे व्हरांड्याला चकचकीत टाइल्स आल्या आणि माझी रवानगी जुन्या बाजारात झाली. गंजलेल्या खाटा आणि फुटक्या टीव्हींच्या शेजारी मी दोन हिवाळे पडून होते. कुणीतरी माझ्या कोपऱ्यावर शेगडी ठेवली, तेव्हापासून तो कोपरा काळा आहे. एके दिवशी तीन-चार पोरे आली. त्यांनी मला थोडे उलगडले आणि त्यातल्या एकाने माझ्यावर उलटा तळहात घासून पाहिला. आजवर मला सगळ्यांनी पायांनी पारखले होते. हाताने पारखणारा तो पहिलाच. त्याचे नाव बद्र.

बद्र बंदरावर वेल्डिंगचे काम करी. सिमेंट कारखान्यामागच्या त्याच्या मोहल्ल्यात ब्रेकडान्स करणाऱ्या पोरांचा एक संघ होता आणि त्या संघाचे नावही ‘सिमेंट’च होते. युवा केंद्राच्या रिकाम्या खोलीत त्यांनी मला अंथरले, आणि तिथे माझे खरे आयुष्य सुरू झाले.

मित्रांनो, या नाचाचे सामने असतात. दोन संघ समोरासमोर उभे राहतात, मधे मी. एका बाजूचा एक जण येतो, आपली फेरी नाचतो आणि मागे सरतो, मग दुसऱ्या बाजूचा येतो. एकमेकांना स्पर्श करायचा नाही, पण हातवाऱ्यांनी, नजरेने आणि टोमण्यांनी समोरच्याला पुरते सोलून काढायचे. या लोकांचे कायदे कुठे लिहिलेले नाहीत, तरी ते मोडायची कुणाची हिंमत होत नाही. दुसऱ्याचा डाव उचलायचा नाही. एका सामन्यात आपलाच डाव दोनदा दाखवायचा नाही. दाखवला तर समोरचे दोन बोटे वर करतात, प्रेक्षकही करतात, आणि त्या दोन बोटांखाली भल्याभल्यांची मान खाली जाते. तिसरा कायदा मला नेहमीच विचित्र वाटत आला. फरशीला कधीही दोष द्यायचा नाही. ती ओली असो, खडबडीत असो, उतरती असो, जो फरशीची तक्रार करतो तो घाबरला असे समजतात. रिंगणात उभे राहून फरशीवर हात फिरवून पाहणेसुद्धा भित्रेपणाचे मानतात.

माझ्या बाबतीत मात्र ते फार काटेकोर होते. रस्त्यावरचे बूट घालून कुणी माझ्यावर आले की ओरडा बसे. सराव संपला की मला ओल्या फडक्याने पुसत आणि वरची बाजू बाहेर ठेवून गुंडाळत, म्हणजे पुन्हा अंथरल्यावर माझ्या कडा वर उचलल्या जात नसत.

त्या संघात नुहैला नावाची एक मुलगी आली. दिवसा ती परिचारिकेचे शिक्षण घेई आणि सायंकाळी माझ्यावर येई. तिच्या वजनात मला कधी घाई जाणवली नाही. पुढे एका सामन्यात तिचे डावे मनगट मोडले. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितले होते की ते पुन्हा मोडले तर नाच विसर, शिवाय सुई धरणेही अवघड होईल. वर्षभर ती भिंतीला टेकून बसे आणि इतरांचे पाहत असे. परतली तेव्हा तिच्याजवळ मोजकेच डाव उरले होते. बाकीचे डाव हात विसरला होता, किंवा मनगटाला आता झेपत नव्हते.

पण तिने एक नवा डाव घडवला. डोक्यावर वेगाने फिरता फिरता ती डाव्या तळहातावर येई, क्षणभर जागीच थांबे आणि मग उलट्या दिशेने फिरू लागे. फिरता भोवरा मध्येच थबकून उलटा फिरू लागला तर कसे वाटेल? तसे. त्या एका क्षणी तिचे सगळे वजन त्या दुरुस्त झालेल्या मनगटावर येई. तळहात माझ्यावर घट्ट रुतला तर डाव साधे. केसभर सरकला तरी मनगट खाली दुमडणार, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. कित्येक महिने आम्ही दोघींनी मिळून तो डाव पक्का केला. संघाबाहेर तो कुणी पाहिलेला नव्हता. मर्राकेशला निवड-सामना होणार होता, तिथून एकच संघ परदेशी जाणार होता, आणि त्या दिवसासाठी तो डाव राखून ठेवलेला होता.

तेवढ्यात चित्रपट आला.

दिग्दर्शिका माजिदा आमच्याच शहरातल्या. ब्रेकडान्सच्या दोन संघांची गोष्ट त्या चित्रपटात सांगत होत्या. त्यांना भाडोत्री नट नको होते. शेवटच्या प्रसंगासाठी त्यांनी एका बाजूला सिमेंट घेतला आणि दुसऱ्या बाजूला साले शहरातला ‘करकोचे’ नावाचा संघ. मर्राकेशला आमची खरी गाठ पडणार होती ती यांच्याशीच. कथेप्रमाणे करकोचे हरणार होते. प्रेक्षक म्हणून माजिदांनी फेस, मेकनेस, रबात अशा शहरांतून, जिथून मिळतील तिथून खरे नाचणारेच गोळा केले.

नुहैलाच्या डावाची कुणकुण त्यांना लागली होती. बद्रने आधीच सांगून टाकले, “ताई, तो सोडून काय वाटेल ते मागा.”

“तुमचा डाव तुमच्यापाशी,” माजिदा म्हणाल्या. “मला फक्त माणसं खरी हवीत.”

त्यांनी शब्द पाळला, हे मला मान्य करायला हवे. पण माणसे खरी घेतली की त्यांचे कायदेही सोबत येतात, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

चित्रीकरण सार्डिन मासे डबाबंद करणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्यात होते. उंच छपराला काचा होत्या आणि त्यातून पडणारे ऊन माजिदांना हवे होते. त्यांनी नवी फरशी आणायची तयारी दाखवली, पण बद्रने ऐकले नाही. “आमची पोरं आमच्या फरशीवर नाचतील,” तो म्हणाला. म्हणून मी तिथे होते.

पहिल्या टेकला सगळे ठीक झाले. करकोच्यांचा म्होरक्या सुफियान आधी नाचला. उंच, हडकुळा मुलगा; माझ्यावर त्याचे वजन पडते न पडते तोच उचललेले असे. मागे सरताना तो नुहैलाला म्हणाला, “मनगटाला तूप-बीप लावून आलीस ना घरून?”

“तुझ्या जिभेला लाव,” ती म्हणाली. “तीच जास्त फिरते.”

दोन्ही बाजूंना हशा पिकला. नुहैला नाचली, छान नाचली. पण कॅमेऱ्याचे काहीतरी चुकले आणि माजिदांनी पुन्हा घ्यायला सांगितले.

दुसऱ्या वेळी सुफियानने वेगळीच फेरी केली. नुहैलाने मात्र सांगितल्याप्रमाणे मघाचीच केली. ती अर्ध्यात आली असेल नसेल, तोच सुफियानने दोन बोटे वर केली. त्याच्यामागे त्याच्या संघाने, आणि पाहता पाहता सगळ्या कारखान्याने. हुर्यो उठली. ती पोरे काही अभिनय करत नव्हती. वर्षानुवर्षांची सवय होती ती. नुहैलाची टाच माझ्यावर जड पडली. प्रसूतिगृहातली ती पावले मला आठवली.

“पुन्हा,” माजिदा म्हणाल्या. “आवाज छान आला, पण तू मध्येच थबकलीस.”

तिसऱ्या वेळी नुहैलाने नवे डाव काढले. चौथ्या वेळी आणखी नवे. माजिदा कपाळाला हात लावून बसल्या. “अगं, मघाशी डावा हात खाली होता, आता उजवा. मी हे जोडू कशी?”

“एकदा केलेलं परत केलं की बोटं वर होतात, ताई.”

“हा चित्रपट आहे गं. खरा सामना नाही.”

“चित्रपट तुमचा आहे,” नुहैला म्हणाली. “समोर उभे आहेत ते खरेच आहेत ना?”

माजिदांनी प्रेक्षकांना बोटे वर न करण्याची विनंती केली. त्यांनी माना डोलावल्या. पुढच्या टेकला बोटे खाली राहिली, पण शेकडो ओठ दाबून हसत होते, आणि ते बोटांहून वाईट होते. नुहैलाने पुन्हा नवे काही केले. तिची शिदोरी संपत चालली होती. कोणता डाव खर्ची पडला आणि कोणता उरला, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? दुपारच्या सुट्टीपर्यंत बहुतेक सगळे संपले होते.

शुक्रवार होता. अंगणात शुक्रवारच्या रिवाजाप्रमाणे कुसकुसची, म्हणजे वाफवलेल्या रव्याची, मोठी परातवजा ताटे आली आणि सगळे भोवती बसले. आत मी एकटी राहिले. तेव्हा प्रकाशयोजना पाहणारा हिशाम एक डबा आणि फडके घेऊन आला. छपरातले ऊन माझ्यावरून परावर्तित होऊन नाचणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पडावे, असे त्याच्या मनात होते. त्याने मला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पॉलिश लावले, घासले, पुन्हा लावले. तो बिचारा आपले काम मन लावून करत होता. मी आरशासारखी चमकू लागले. त्या आधी मी इतकी सुंदर कधीच दिसले नसेन, आणि इतकी घाबरलेही नसेन. माझ्या अंगातली पकड गेली होती, आणि ते सांगायला मला तोंड नव्हते.

जेवण उरकून मंडळी आत आली. “वा,” माजिदा म्हणाल्या, “काय उजेड आलाय.” लगेच जागा घ्या, ऊन उतरायच्या आत संपवू, असे सांगून त्यांनी टेक सुरू केला.

सुफियान आला. पहिल्या दोन पावलांतच त्याला कळले, हे मला कळले. त्याने तळहात टेकला आणि तो माझ्यावरून सटकला. मुलगा कसलेला होता. पडता पडता त्याने पाठीवर गिरकी घेतली आणि ते मुद्दामच केले असे भासवून उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्यात सूर्यावर ढग आला आणि माजिदांनी “कट” म्हटले. नुहैलाची पाळी आलीच नाही.

सुफियान थेट मधे येऊन उभा राहिला. “फरशी घसरतेय,” तो म्हणाला.

सिमेंटच्या बाजूने कुणीतरी शीळ घातली. “ऐका रे, करकोच्याला फरशी आवडली नाही.”

“पाय लांब झाले की असंच होतं, भावा.”

“मस्करी नाही करत,” सुफियान म्हणाला. “बद्र, हात लावून बघ.”

बद्र हसला. “दहा वर्षं हिच्यावर नाचतोय आम्ही. आज तू आम्हाला सांगणार? चल, पुढच्या पोरीला घाबरवायचे तुझे धंदे ठाऊक आहेत मला.”

त्याने हात लावला असता तर सगळे तिथेच मिटले असते. बाजारात मला उलट्या हाताने पारखणारा हाच माणूस. पण समोर करकोचे उभे होते, भोवती सगळ्या देशातले नाचणारे होते, आणि कायदा कायदा होता.

माजिदांना मात्र शंका आली. “हिशाम, काही लावलंयस का?”

“थोडं पॉलिश, ताई. नुसता उजेड पकडायला.”

त्या बद्रकडे वळल्या. “तुम्हाला अडचण असेल तर पुसायला लावते. वेळ जाईल, पण लावते.”

“आम्हाला?” बद्रने सुफियानकडे पाहत म्हटले. “आम्हाला कसली अडचण?”

मित्रांनो, हे शब्द ऐकून माझ्या तागाचा धागा न् धागा ताठ झाला. नुहैलाने पॉलिशचे ऐकले की नाही, कोण जाणे. ती कडेला खाली मान घालून बसली होती. बद्र तिच्याजवळ गेला.

“माझ्याकडे काही उरलं नाही,” ती हळूच म्हणाली.

“एक तरी असेल.”

“तो एकच आहे.”

बद्रने करकोच्यांकडे एकदा वळून पाहिले. “मग तोच कर. आणि संपव हे. सगळ्यांसमोर बोटं वर झालेली चालतील का तुला?”

“आणि मर्राकेशला?”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

तिने डाव्या मनगटावरून तळव्यापर्यंत गुंडाळलेली पट्टी सोडायला सुरुवात केली. कातडी थेट फरशीला लागली की पकड चांगली मिळते, हे प्रत्येक नाचणाऱ्याला माहीत असते. माझ्या दुसऱ्या कडेला उभा असलेला सुफियान ती सुटणारी पट्टी पाहत होता. तिचा डाव त्याने कधी पाहिला नव्हता. पण डाव्या हाताची पट्टी सुटते याचा अर्थ काय, ते त्याला समजायला वेळ लागला नाही. कोणत्या मनगटावर सगळा भार येणार, ते त्याच्या डोळ्यांसमोर होते. फरशी कशी आहे, ते त्याच्या तळहाताला माहीत होते.

“वलीद,” तो आपल्या सोबत्याला म्हणाला, “ही मोडणार.”

“मोडू दे की,” वलीद म्हणाला. “मर्राकेशला एक कमी.” आणि मग त्याचा चेहरा पाहून, “तुझं सांगून झालं ना? अजून काय करणार, पाया पडणार?”

ढग सरला. ऊन माझ्यावर सांडले. “जागा घ्या,” माजिदा म्हणाल्या. “शेवटचं. सुफियान, तू आधी.”

सुफियान आला. आधी डाव्या पायाची चौकट, मग उजव्या टाचेवर वळण, गुडघा खाली, दोन्ही हात मागे. मी ते वजन ओळखले. सकाळी पहिल्या टेकला हेच वजन, याच ठिकाणी, याच क्रमाने माझ्यावर पडले होते. मला वाटले, पुढे तो डाव बदलेल. त्याने बदलला नाही. तीच खांद्यावरची गिरकी, तोच थांबा. फक्त जिथे तळहात सरकला असता तिथे त्याने कोपर टेकवले. तो सावकाश, स्पष्ट, कुणाच्याही नजरेतून सुटू नये असा, सकाळचीच फेरी पुन्हा करत होता. ज्याच्याजवळ डावांची कोठारे भरलेली होती, तो सगळ्यांच्या देखत स्वतःची नक्कल करत होता.

मग दोन बोटे वर झाली. मग वीस, मग सगळी. माजिदांची विनंती कुणाच्या लक्षातही राहिली नाही. “दुबार,” कुणीतरी ओरडले, आणि तो शब्द छपरापर्यंत गेला. “दुबार, दुबार.” वलीदने त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याच्याच संघातल्या दोघांनी बोटे वर केली. सुफियान मागे सरला, पाण्याची बाटली उचलली आणि तोंडाला लावली. त्याचा घसा हलत नव्हता. पाणी तो पीत नव्हताच.

आता नुहैलाची पाळी होती. ती माझ्या कडेशी आली आणि थांबली. सुफियानसारखा मुलगा चुकून फेरी उगाळत नाही, हे तिला ठाऊक होते. तिने समोर पाहिले. तो दुसरीकडे पाहत होता. मग ती वाकली. ताल धरल्यासारखी तिने माझ्यावर थाप मारली आणि हात उचलताना तळव्याने मला हळूच चाचपले. बोटे जराशी सरकली. तेवढे पुरले.

तिने डोके टेकवले नाही. तिने सकाळची पहिलीच फेरी नाचली, लहान पावलांनी, हात जपून ठेवत. बोटे वर असलेली पोरे अजून सुफियानवरच खेकसत होती. तिच्या पुनरावृत्तीकडे पाहायला कुणी मोकळे नव्हते.

“कट,” माजिदा म्हणाल्या आणि खुर्चीवरून उठल्या. “हेच. सकाळपासून मी हेच मागत होते.”

संध्याकाळी मला गुंडाळायला बद्र खाली वाकला आणि त्याचा तळहात माझ्यावरून घसरला. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. नंतर त्याने पाणी मागवले, साबण मागवला, आणि कुणालाही हात लावू न देता मला एकट्याने धुतले.

सुफियानला मात्र नाव चिकटले. दुबार. साले शहराच्या गल्ल्यांत, रबातच्या पुलावर, पोरे त्याला पाहून दोन बोटे वर करीत. नुहैला माझ्यावर बसून फोनवर बडबड करी, म्हणून मला हे कळत गेले. त्याने कुणालाही कारण सांगितले नाही. सामन्यात शेवटची फेरी नाचणारा संघातला सर्वांत भरवशाचा असतो. करकोच्यांनी मर्राकेशसाठी ती जागा त्याच्याकडून काढून वलीदला दिली.

मर्राकेशला सामन्याची फरशी वेगळी होती. मला रंगमंचामागच्या बोळात सरावासाठी अंथरले होते. तिथेच दोन्ही संघ समोरासमोर आले. करकोच्यांतला एक जण सुफियानला म्हणाला, “आज तरी नवीन काही कर रे, दुबार.”

“त्याला तसं म्हणू नका,” नुहैला म्हणाली.

बद्रने तिचे मनगट धरले. “आत्ता नको. सामना झाल्यावर बोल.”

तिने हात सोडवून घेतला. “त्या दिवशी फरशीला पॉलिश होतं. यानं सांगितलं, आम्ही हसलो. मी त्या फेरीत मनगट मोडून घेतलं असतं. मला नवीन काही करावं लागू नये म्हणून यानं जुनं केलं. वलीद, तू त्याच्या शेजारीच होतास, तुला तर ठाऊक होतं.”

वलीद बूट बांधत होता. त्याने मान वर केली नाही. “ठाऊक होतं,” तो म्हणाला.

सुफियान चिडला. “तुला कुणी विचारलं होतं? आता सगळे म्हणणार मी दयाळू आहे. दयाळू माणसाला कोण भिणार?”

“मी भिते,” नुहैला म्हणाली. “पुरे तेवढं?”

हसायला कुणीतरी आधी लागले आणि मग सगळेच. पण हसून झाल्यावर वलीद उठला, सुफियानच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, “शेवटची फेरी तूच नाच.”

सामना मी पाहिला नाही, ऐकला. नुहैलाची पाळी आली तेव्हा माझ्यावर कुणीच नव्हते. सगळे पडद्याशी जाऊन उभे होते. ती डोक्यावर फिरू लागल्याची घरघर आली. मग ती थांबली. त्या थांबण्यात मी पडण्याचा आवाज शोधत होते. तो आला नाही. घरघर पुन्हा सुरू झाली आणि सभागृहाने असा सूर काढला, जसा लोक थक्क झाल्यावर काढतात. शब्द नसलेला, लांबलचक.

त्यानंतर शेवटचा नाचणारा आला. सुफियान. त्याचे वजन ऐकू येत नसे, म्हणून मी फक्त लोकांना ऐकले. सभागृह आधी गप्प झाले आणि नंतर आवरेना.

करकोचे जिंकले. एका परीक्षकाच्या मताने, पण जिंकले.

परत निघताना बद्रने मला खांद्यावर घेतले. तो नुहैलाला म्हणाला, “गप्प बसली असतीस तर शेवटच्या फेरीला वलीद आला असता. वलीदला आपण खाल्लं असतं.”

“हो,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काय. पुढच्या वर्षी सुफियानला खाऊ.”

ते बाहेर रस्त्यावर आले. मग बद्र म्हणाला, “मी हात लावून बघायला हवा होता त्या दिवशी.” आणि नुहैलाने “बघायलाच हवा होता” असे म्हटले, तेव्हा त्याने मला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतले.

चित्रपट नंतर लागला. त्यात आम्ही जिंकतो. मोहल्ल्यातली पोरे ते पाहून टाळ्या वाजवतात, आणि आमच्या संघातले कुणी तिथे असले तर ते टाळ्या वाजवत नाहीत. पडद्यावर मी फार चमकते, असे म्हणतात.

आता मी थकले आहे. मधली वर्तुळे इतकी झिजली आहेत की खालचा ताग दिसू लागला आहे. संघाला नवी फरशी मिळाली, आणि मला अर्धी कापून मोहल्ल्यातल्या लहान मुलींना सरावासाठी दिले आहे. नुहैला आठवड्यातून एकदा त्यांना शिकवायला येते. तिने एक नवी रीत लावली आहे. माझ्यावर पाऊल ठेवण्याआधी प्रत्येक मुलीने गुडघ्यावर बसून दोन्ही तळहात माझ्यावर फिरवायचे आणि जे जाणवेल ते मोठ्याने सांगायचे. “इथे ओलं आहे.” “इथे फाटलंय.” “इथे वाळू आहे.” कुणी त्यांना भित्र्या म्हणत नाही. शेजारच्या मोहल्ल्यातली मोठी पोरे दारातून पाहून हसतात, पण त्या मुलींना त्याचे काही वाटत नाही.

मित्रांनो, मला चमकवू नका. मला पुसा, माझ्यावरची धूळ झटका, फाटले तर पट्टी लावा, एवढे पुरे आहे. आणि समोरचा माणूस, मग तो तुमचा प्रतिस्पर्धी का असेना, “खाली बघ” म्हणाला, तर हसण्याआधी एकदा वाका. हात टेकवा. मला बोलता येत नाही, पण तळहाताला मी खोटे सांगत नाही.